अक्षरांचे वैद्य

परदेशात दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की प्रश्न ठरलेले असतात. मूळचे कुठले, पुण्यात कुठे, शाळा कुठली. मग कोणाचा तरी मावसभाऊ निघतो, कोणाची तरी नणंद निघते, आणि चहा थंड व्हायच्या आत नातं जुळतं. मनोहर मोहरील माझ्या क्युबिकलमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी यातलं काहीही विचारलं नाही. माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय बाई, गेलं का जिवंत आहे?"

मला वाटलं ऑफिसात कोणीतरी गंभीर आजारी आहे आणि हे गृहस्थ चुकीच्या माणसाकडे चौकशी करतायत.

२००२ साल होतं. टेक्सासमधल्या प्लेनोत तेव्हा टेलिफोन कंपन्यांचे दिवस फिरले होते. ओळखीतल्या कोणाची ना कोणाची नोकरी सारखी जात होती, आणि अशात मला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली होती. दवाखान्यात आलेल्या पेशंटचं नाव, पत्ता, जुने आजार, कुठलं औषध चालत नाही, हे सगळं ब्राउझरमधून भरून घेणारा जावा भाषेतला प्रोग्राम आम्ही बनवायचो. आमचे निम्मे पेशंट मेक्सिकन. त्यांच्या आडनावांत डोक्यावर छोटीशी लाट घेतलेलं एक अक्षर फार येतं. मी केलेल्या नव्या रिपोर्टमध्ये त्या एका अक्षराच्या जागी दोन भलतीच चिन्हं उमटत होती. मी हुशारी केली. ती दोन चिन्हं दिसली की त्यांच्या जागी हवं ते अक्षर टाकायचं, असा चार ओळींचा कोड लिहिला आणि स्वतःवर खूश होऊन बसले.

"बरळून राहिलं आहे," मोहरील म्हणाले. "म्हणजे जिवंत आहे. पण तुम्ही हे काय केलं? पेशंट तापात बरळून राहिला, तर तुम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबला."

मी पुण्याची. कोणी पहिल्याच भेटीत माझ्या कामाला नावं ठेवली, तर ऐकून घ्यायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं, "स्क्रीनवर नीट दिसतंय ना?"

"दिसून राहिलं हो," ते म्हणाले. "आणि उद्या दुसरं अक्षर आलं तर? बोळे किती आहेत तुमच्यापाशी?"

मग त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि मला जे सांगितलं ते मला इंजिनीअरिंगच्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पोटात अक्षरं नसतात, नुसते आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे ठरवणारे तक्ते माणसांनी बनवले, आणि माणसंच ती, त्यामुळे एक तक्ता बनवून थांबली नाहीत. लिहिणाऱ्याने एक तक्ता धरला आणि वाचणाऱ्याने दुसरा, की अक्षर बरळायला लागतं. पण आत आकडे शाबूत असतात. योग्य तक्ता लावला की पेशंट खडखडीत बरा. मात्र वाचणाऱ्या प्रोग्रामने 'मला हे कळत नाही' म्हणून तिथे प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं, तर मूळचा आकडाच पुसला जातो. मग जगातला कुठलाही प्रोग्राम तो परत आणू शकत नाही.

"प्रश्नचिन्ह दिसलं की समजायचं, गेलं," ते म्हणाले. "मग डॉक्टर नाही बोलवायचा. नातेवाइकांना बोलवायचं."

मी म्हटलं, "म्हणजे ध चा मा."

"ध चा मा झाला तर निदान मा तरी वाचता येतो, बाई! इथे ध चं काहीच उरून नाही राहिलं." आणि एवढं बोलून ते उठून गेले. नाव त्यांनी मला सांगितलं नाही आणि माझंही विचारलं नाही. नागपूरचे आहेत हे मात्र मला पहिल्या वाक्यातच कळलं होतं.

पुढे वर्षभर आमची क्युबिकल्स शेजारी होती. मधली भिंत छातीइतकी उंच, त्यामुळे मोहरीलांचा आवाज मला आणि माझा त्यांना ऐकू यायचाच. पन्नाशीला टेकलेला, ठेंगणा, जाड भुवयांचा माणूस. बाहेर अंड्याचं ऑम्लेट होईल असं ऊन असलं तरी ऑफिसातल्या एसीवर विश्वास नाही म्हणून अंगात बायकोने विणलेला स्वेटर. मनोहर हे नाव अमेरिकन जिभांना झेपेना, म्हणून त्यांचा 'मॅनी' झाला होता. टेक्सासमध्ये मॅनी म्हणजे हमखास मेक्सिकन. त्यामुळे दवाखान्यांतल्या कारकून बायका फोनवर त्यांच्याशी सरळ स्पॅनिशमध्ये सुरू व्हायच्या. मोहरीलांनी त्यांना एकदाही थांबवलं नाही. त्यांनी स्पॅनिशची बाराखडी शिकून घेतली आणि जमेल तशी उत्तरं द्यायला सुरुवात केली. "त्या बिचाऱ्या घरच्यासारखं बोलून राहिल्या, त्यांना कायले तोडायचं," असं त्यांचं म्हणणं.

'गृहीत धरलं' ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शिवी होती. आमचा कोड तपासायला त्यांच्याकडे गेला की ते तो छापून घ्यायचे आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचे. ब्राउझरमधून नाव आत येतं ते एक दार. प्रोग्राममधून डेटाबेसमध्ये जातं ते दुसरं. तिथून परत येतं, पुन्हा पडद्यावर जातं. प्रत्येक दाराशी तक्ता कुठला ते स्पष्ट सांगायचं, असा त्यांचा दंडक. तुम्ही नाही सांगितलंत तर मशीन स्वतःच्या मनाने एखादा तक्ता उचलतं. तुमच्या टेबलावरचं मशीन एक उचलतं आणि दवाखान्यातलं दुसरं. जिथे जिथे कोणी न सांगता पुढे गेलं असेल तिथे मोहरील लाल गोल काढायचे आणि बाजूला देवनागरीत लिहायचे, 'कोणाच्या भरवशावर?' ऑफिसात देवनागरी वाचता येणारे आम्ही दोघंच. पण वर्षभरात ती दोन शब्दांची लाल ओळ सगळे गोरे-काळे प्रोग्रामर दुरून ओळखायला लागले. आमच्या टेस्टिंगच्या डेबीने तर एकदा स्वतःच ती चित्रासारखी हुबेहूब काढून दुसऱ्याच्या कागदावर ठोकून दिली. मोहरीलांनी तो कागद कॉफी मशीनपाशी लावला.

डेबीचं आणि त्यांचं विशेष जमायचं. आमच्याकडे चाचणीसाठी सगळे जण जॉन स्मिथ नावाचा पेशंट भरायचे. मोहरीलांना या जॉन स्मिथचा मनस्वी राग होता. "तो काय, कुठूनही पास होतो. त्याला काही त्रासच नाही." त्यांनी स्वतःचं एक कुटुंब बनवलं. लाटवाली एक सेन्योरा, तिरक्या रेघेने छेद दिलेल्या 'एल'चे एक पोलिश आजोबा, एक जपानी मुलगी, आणि सगळ्यांच्या वर नागपुरातल्या महाल पेठेतल्या गोदावरी मोहरील, म्हणजे त्यांच्या खऱ्या काकू. प्रत्येकाला वय, आजार, स्वभाव. पोलिश आजोबांना साखर होती पण गोड सुटत नव्हतं. डेबीला काकू म्हणजे कोण हे समजावून सांगताना मी थकले, पण तिला त्या आवडल्या होत्या. नवीन काहीही तयार झालं की ती भिंतीवरून डोकावून ओरडायची, "मॅनी! गोडा काकू पास झाली!" आणि मोहरील बसल्या जागेवरून समाधानाने म्हणायचे, "तिला सुनासुद्धा नापास नाही करू शकल्या."

ऑफिसबाहेरही हा माणूस स्वस्थ नव्हता. कुठल्याही वेबसाइटवर नाव विचारलं की ते देवनागरीत टाकायचे, काय होतं ते पाहायला. असाच त्यांनी एकदा पिझ्झा मागवला. तासाभराने पोरगा दारात आला तो गोंधळून. खोक्यावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी ओळीने नुसती प्रश्नचिन्हं. दुसरा कोणी असता तर पिझ्झा घेऊन दार लावलं असतं. मोहरीलांनी दुकानात फोन केला आणि तिथल्या मॅनेजरला त्यांच्या फॉर्ममध्ये नेमकं कुठे चुकतंय ते इत्थंभूत सांगायला घेतलं. मॅनेजर म्हणजे कॉलेजातलं पोर. त्याला वाटलं गिऱ्हाईक चिडलंय. त्याने आणखी एक पिझ्झा फुकट पाठवला. मोहरीलांनी पुन्हा फोन केला की दुसऱ्या खोक्यावरही तेच आहे. त्यांच्या बायकोने, शोभावहिनींनी, शेवटी फोनची वायर काढून ठेवली, नाहीतर तिसरा आला असता.

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट करायची ठरली. तोवर सगळीकडे चाल अशी होती की विकत मिळणारा एखादा मराठी फॉन्ट घ्यायचा आणि त्यात टाइप करायचं. वरून मराठी दिसायचं, पण पोटात इंग्रजी अक्षरांचा काला असायचा. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला फक्त काला दिसायचा. मोहरीलांनी कमिटीला निक्षून सांगितलं की करायचं तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांसाठी एकच तक्ता असतो त्यात. कमिटीला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण फुकट करून देतो म्हटल्यावर सगळे हो म्हणाले. गणपतीच्या आधी साइट सुरू झाली आणि निम्म्या मंडळाला घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसायला लागले.

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, पानं वाढली, आणि मसालेभाताबरोबर मोहरीलांनाही सगळ्यांनी वाढून घेतलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "साइटवर आमंत्रण होतं का चौकटीचं शब्दकोडं?" मोहरील हातातला घास तसाच धरून उभे राहिले. "चौकोन दिसून राहिले म्हणजे अक्षरं ठणठणीत आहेत!" ते त्या हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दोष अक्षरांत नाही, तुमच्या मशीनला चष्मा नाही!" लोक हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण पुढच्या प्रत्येक शनिवारी मोहरील एकेका घरी जायला लागले. ते फ्रीवेवर गाडी चालवत नसत. कोणीतरी न्यायला यायचं, नाहीतर ते टेक्सासच्या उन्हात छत्री उघडून चालत निघायचे आणि रस्त्यावरचे लोक गाड्या थांबवून विचारायचे की सर, सगळं ठीक आहे ना. घरी जाऊन कॉम्प्युटरला तो चष्मा, म्हणजे युनिकोडचा फॉन्ट, लावून द्यायचा, चहा घ्यायचा, पुढचं घर. अध्यक्षीणबाईंच्या घरी ते सगळ्यात आधी गेले होते, हे मला खुद्द बाईंकडूनच कळलं.

मला ते मनापासून आवडायला लागले होते. एखाद्या गोष्टीची एवढी काळजी करणारा माणूस जवळ बसत असला की आपल्यालाही आपलं काम जरा खरं वाटायला लागतं. मी त्यांच्याशी रोज भांडायचे आणि घरी येऊन नवऱ्याला त्यांचीच वाक्यं ऐकवायचे.

आता त्या उन्हाळ्याचं सांगायचं, २००३ च्या.

आमच्या प्रोग्रामच्या मुळाशी एक रोग होता आणि तो मोहरीलांनी माझ्या त्या पहिल्या रिपोर्टवरूनच ओळखला होता. नाव आत घेताना प्रोग्राम चुकीचा तक्ता लावायचा आणि दाखवताना पुन्हा तोच चुकीचा तक्ता लावायचा. दोन चुका एकमेकींना झाकून टाकायच्या आणि स्क्रीनवर नाव बरोबर दिसायचं. आत डेटाबेसमध्ये मात्र सगळी नावं बरळत पडलेली. माझ्या रिपोर्टने ती सरळ तिथून उचलली म्हणून भांडं फुटलं होतं. आमचा मॅनेजर ग्रेग याला मोहरील वर्षभर सांगत होते की आधी जुनी नावं सुधारू, मग प्रोग्राम. ग्रेग तसा वाईट नव्हता. पण चालतंय त्याला हात लावायचा नाही, अशा पंथातला होता.

त्या उन्हाळ्यात सर्व्हर बदलला. नव्या सर्व्हरने नावं योग्य तक्त्याने वाचायला सुरुवात केली. दोनातली एक चूक सुधारली आणि दुसरी उघडी पडली. नवी नावं आत नीट बसायला लागली, पण वर्षानुवर्षांची जुनी नावं पडद्यावर बरळायला लागली. दवाखान्यातली बाई नाव शोधायची, ते सापडायचं नाही, म्हणून ती तोच पेशंट नव्याने भरायची. नव्या नोंदीत जुने आजार कोरे. एका दवाखान्यात एका म्हातारीला पेनिसिलिनची सुई द्यायची तयारी झाली होती. तिला पेनिसिलिन चालत नाही हे जुन्या नोंदीत होतं, नव्या नोंदीत नव्हतं. तिथली कारकून मारिबेल तिला ओळखत होती म्हणून तिने सुई थांबवली. मारिबेलने फोन केला तो मोहरीलांना. फोन ठेवून ते सरळ ग्रेगच्या खोलीत गेले.

आता ग्रेगला घाई झाली. एक मोठं हॉस्पिटल सोमवारपासून आमच्याकडे येणार होतं. सगळी जुनी नावं एका झटक्यात सुधारणारा प्रोग्राम शुक्रवारी चालवायचा, असं त्याने ठरवलं. मोहरील म्हणाले, एकाच डेटाबेसमध्ये जुनी बरळणारी आणि नवी धडधाकट नावं मिसळलेली आहेत. औषध फक्त आजाऱ्याला द्यायचं असतं. धडधाकट नावाला ते दिलं तर त्याचं प्रश्नचिन्ह होईल. मी निवडून काढणारा प्रोग्राम लिहून राहिलो आहे, तो तपासायला दोन आठवडे द्या. ग्रेग म्हणाला, दोन आठवडे नाहीत. आणि डेटाची जबाबदारी मोहरीलांकडे, त्यामुळे त्याला हात लावायचा तर नियमाप्रमाणे त्यांची सही हवी.

सहीचं हे प्रकरण साधं नव्हतं. मोहरीलांच्या व्हिसाचं सहावं, म्हणजे शेवटचं वर्ष चालू होतं. ग्रीन कार्डाचं गाडं पहिल्याच पायरीवर, ज्याला आम्ही सगळे 'लेबर' म्हणायचो, तिथे अडकलं होतं, आणि ते कंपनीच्या नावावर होतं. नोकरी गेली की लेबर गेलं. त्या वर्षात प्लेनोत दुसरी नोकरी मिळणं म्हणजे देव पावणं, आणि मिळाली असती तरी सगळं पहिल्यापासून करायला व्हिसाचे दिवस उरले नव्हते. त्यांची मुलगी मृण्मयी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात जाणार होती. ग्रेगने त्यांना स्पष्टच सांगितलं, "मॅनी, वर यादी बनतेय. मला तुला वाचवायचं आहे. तू ही सही कर, मग मला तुझ्यासाठी बोलता येईल."

त्या संध्याकाळी मी त्यांना घरी सोडलं. वाटेत मी आयुष्यात कधी नाही ते म्हटलं, "मोहरील, करून टाका सही. ग्रेगच्या डोक्यावर राहू दे."

"हं," ते म्हणाले.

शोभावहिनींनी मला आत बोलावलं. त्या पोळ्या लाटत होत्या. मृण्मयी टेबलापाशी कॉलेजांची माहितीपत्रं पसरून बसली होती. मोहरीलांनी स्वेटर काढत सगळं सांगितलं, काही न लपवता. मृण्मयी म्हणाली, "बाबा, जस्ट साइन इट. प्लीज. एव्हरीबडी डझ." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

वहिनींनी तव्यावरची पोळी उलटली. "ती म्हातारी," त्यांनी विचारलं, "सुई देऊन राहिले होते ती. कशी आहे आता?"

"बरी आहे," मोहरील म्हणाले.

"मग जेवून घ्या."

मोहरील जाऊन मृण्मयीशेजारी बसले आणि तिची माहितीपत्रं एकेक उचलून वाचायला लागले. मी जेवायला थांबले नाही. मला तिथे बसवेना.

त्यांनी सही केली नाही. ग्रेगने नियम बाजूला ठेवून स्वतःच सही केली आणि बाहेरून एक कन्सल्टंट आणून शुक्रवारी संध्याकाळी तो प्रोग्राम चालवला. पुढे भरल्या जाणाऱ्या नावांवरही तो दर रात्री आपोआप चालेल, अशी सोयसुद्धा करून तो गृहस्थ गेला. सोमवारी सकाळी फोन खणखणायला लागले. जुनी नावं सुधारली होती. पण ज्यांना काही झालेलं नव्हतं, त्या सगळ्या नव्या नावांत प्रश्नचिन्हं उभी होती.

ग्रेग पांढराफटक पडला होता. मोहरीलांनी त्याला एक शब्दही ऐकवला नाही. मी ऐकवला असता, चांगला पदर खोचून ऐकवला असता. मोहरील म्हणाले, "शुक्रवारी दुपारची सगळ्या डेटाची नक्कल माझ्यापाशी आहे." ती त्यांनी कोणी न सांगता काढून ठेवली होती. सिस्टीम बंद ठेवून, आम्हा सगळ्यांना कामाला लावून, त्यांनी स्वतःच्या निवडणाऱ्या प्रोग्रामने ती नक्कल सुधारली आणि हाताने तपासून घेतली. बुधवारी संध्याकाळी दवाखाने पुन्हा सुरू झाले. उरली ती फक्त शुक्रवार दुपारपासून रविवारपर्यंत भरलेली नावं. ती नकलेत, म्हणजे त्या आधीच्या प्रतीत, नव्हती. त्यांची फक्त प्रश्नचिन्हंच होती.

"ती गेली," मोहरील म्हणाले. इतके दिवस हा शब्द ते चाचणीतल्या खोट्या माणसांबद्दल वापरायचे. त्या दिवशी तो मला ऐकवेना.

ग्रेग म्हणाला, थोडीच आहेत, अंदाजाने साधी अक्षरं टाकून द्या, त्याने कोणी मरत नाही. मोहरीलांनी वर पाहिलं. ग्रेग लगेच म्हणाला, "सॉरी. तू म्हणशील तसं." मग मोहरील फोनवर बसले. एकेका दवाखान्याला फोन, एकेका पेशंटची चौकशी, आणि तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये एकेक अक्षर विचारून घेणं. त्यांना हे कोणी करायला सांगितलं नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ते मध्ये यायला नको. वरची यादी ग्रेगच्या हातात नव्हतीच. ती आदल्या आठवड्यातच गेली होती आणि तिच्यात मोहरीलांचं नाव होतं. ग्रेग बोलायला गेला होता, हे मला नंतर कळलं, पण उशीर झाला होता. मोहरील मंडळी दोन महिन्यांत नागपूरला परत गेली. मृण्मयीचं वर्ष बुडालं. नंतर तिने तिथेच इंजिनीअरिंग केलं, आणि ती कितीतरी दिवस बापाशी नीट बोलत नव्हती असं वहिनी मला फोनवर म्हणाल्या होत्या. हे लिहिताना मला अजून ग्रेगचा राग येतो, आणि त्या यादीचा तर येतोच येतो.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी मोहरीलांना वर बोलावलं. ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर सिक्युरिटीचा एक उंच तरुण होता, हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन. आमच्याकडे तशी पद्धत होती. माणूस वर असतानाच त्याचं कॉम्प्युटरमधलं खातं बंद करायचं आणि मग त्याला सरळ दारापर्यंत पोचवायचं, वाटेत कोणाशी बोलू द्यायचं नाही. मी उठून उभी राहिले. आणि रडायलाच लागले. डेबी पलीकडे भिंत धरून उभी होती.

"बसा, बाई, बसा," मोहरील म्हणाले. "एक नाव राहिलं आहे. तो माणूस पट्टी बदलायला आता मारिबेलकडे येऊन राहिला. ती फोन करणार आहे." मग ते त्या तरुणाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "मला एक फोन यायचा आहे. कॉम्प्युटरला मी हात लावणार नाही, या बाई लावतील."

त्याला तसं करू द्यायची परवानगी नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने खोका जमिनीवर ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मोहरीलांची लाइन बंद झाल्यामुळे फोन माझ्या टेबलावर वाजला. मारिबेलने रिसीव्हर त्या माणसालाच दिला. रिसीव्हरमधून बाहेर येणाऱ्या आवाजावरून म्हातारा वाटला. मोहरीलांनी त्याला नमस्कार केला, तब्येत विचारली, पायाची जखम विचारली, आणि मग नाव विचारलं. तो एकेक अक्षर सांगत गेला. मोहरील ते मोठ्याने म्हणत गेले आणि मी टाइप करत गेले. एका अक्षरावर त्यांनी मला थांबवलं, त्याला पुन्हा विचारलं, आणि मगच पुढे जाऊ दिलं. मग म्हणाले, "सेव्ह करा. बंद करा. आता परत उघडून दाखवा." मी उघडलं. नाव होतं, सगळ्या अक्षरांनिशी.

पलीकडून म्हाताऱ्याने काहीतरी विचारलं. एव्हाना एवढं स्पॅनिश मलाही कळायला लागलं होतं. हे कशासाठी चाललंय, माझ्यामुळे कोणाला काही त्रास झाला का, असं तो विचारत होता.

"नाही, सेन्योर," मोहरील म्हणाले. "कोणाला काही त्रास नाही. सगळं ठीक आहे."

मग त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला, खाली वाकून तो रिकामा खोका स्वतःच उचलला, आणि त्या तरुणाला म्हणाले, "चला, झालं माझं."